तीन पाण्यांतली भाजी

माझ्या बायकोने पालेभाजी कधी सुखासुखी चुलीवर चढू दिली नाही. आधी मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग दोनदा साध्या पाण्यातून काढायची, मग मागच्या गॅलरीत फडक्यावर पसरायची. तिची आई कॅन्सरने गेली, तेव्हापासूनचं हे. घरातून प्लास्टिकचे डबे गेले, तळण गेलं, जरा करपलेलं काही दिसलं की ताटातून उचललं जायचं.

"अगं, हे घर आहे की दवाखाना?" मी चिडवायचो.

"हसा, हसा. दुधाने तोंड पोळलंय माझं," म्हणत ती गाजरांची वाटी पुढे सरकवायची. मी गुपचूप खायचो. चवीला बरी लागत नसत, पण तिच्या जिवाला बरं वाटायचं.

मी गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करतो. चाक उघडलं की ड्रममध्ये साठलेली राखाडी धूळ हवेच्या पाइपने उडवायची, ही आमची रीत. मला उस्तादाने शिकवली, त्याला त्याच्या उस्तादाने. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे एकाच रंगाचे होतो.

आज मालकाने तपासणीसाठी एक डॉक्टरीणबाई बोलावल्या होत्या. माझी छाती तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "जुन्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, अजूनही कुठे कुठे निघतं. त्याने कॅन्सर होऊ शकतो. धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे कोण धुतं?"

"बायको. आधी झटकते. नाहीतर मशीन तुंबतं." मग मी घाईने म्हटलं, "पण कपड्यांवर थोडीशीच असते हो."

"थोडीशी किती चालते, ते मलाही सांगता येणार नाही. कुणाला काहीच होत नाही, कुणाला खूप वर्षांनी होतं. कपडे घरी नेऊ नका."

वाटभर ते 'थोडीशी' डोक्यातून जाईना. घरी आलो तर ती मागच्या गॅलरीत, माझी कालची कामाची डांगरी कठड्यावर आपटत होती. तिरप्या उन्हात धूळ सावकाश खाली बसत होती. खाली फडक्यावर तीन पाण्यांतून काढलेली भाजी.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. आणि त्या दरवाजातून रोज आत येत होतो मी!

सांगू की नको? या धुण्यापुसण्यावरच ती आई गेल्यावर उभी राहिली होती, तोच आधार मी काढून घेणार होतो. पण गप्प बसलो तर उद्या ती पुन्हा आपटणार. शेवटी सगळं सांगून टाकलं.

तिने डांगरी खाली ठेवली. भाजी फडक्यासकट गुंडाळून केरात टाकली. आता रडेल, नाहीतर माझ्यावर आग पाखडेल, असं मला वाटलं.

"माझ्यापर्यंत आली ती उरलीसुरली धूळ," ती म्हणाली. "अहो, तुम्ही तर दिवसभर त्यातच उभे असता."

माझ्या छातीवर ठेवायला तिने हात पुढे केला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्यापासून मागे सरलो.

"थांब," मी म्हटलं. "आधी अंघोळ करून येतो."