पेटीतून गेलेला आवाज

धंद्यातले लोक त्याला स्प्रिंगमास्तर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. घराच्या मागच्या खोलीत तो गाणी, नाटकं, जाहिराती रेकॉर्ड करून द्यायचा. टेबलाखाली त्याची लाडकी लोखंडी पेटी. पेटीत लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. एका टोकाने आवाज सोडला की त्या थरथरायच्या आणि दुसऱ्या टोकाने तोच आवाज मोठ्या दालनात घुमल्यासारखा बाहेर यायचा. पुढे फिल्टरची दोन बटणं. एकाने आवाजातला जडपणा छाटायचा, दुसऱ्याने टोचरेपणा. बायको पेटीला सवत म्हणायची. चुकून पाय लागला आणि आत गडगडलं, की म्हणायची, बाईसाहेब रागावल्या.

मास्तरचा एक हेका होता. बाकीचे लोक मूळ आवाज वेगळा जपतात आणि घुमारा नंतर चढवतात. हा पठ्ठ्या पेटीतून बाहेर आलेलं तेवढंच ठेवायचा. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो, म्हणायचा. घातलेलं मीठ काढता येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण काढायची वेळ कधी आली नव्हती.

मग बायकोच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. हॉस्पिटलातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी धीर दिला: आधी वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, तर नंतर एक यंत्र मिळेल, ती टाइप करेल आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डिंग इथेच करू, असंही त्या म्हणाल्या. मास्तर हसला. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

ती माइकसमोर बसली. गाठीने आवाज घोगरा झालेला, शब्दाशब्दाला फाटणारा. हेडफोनमधून तो थेट कानात शिरला आणि मास्तरला ऐकवेना. त्याने फिल्टर फिरवून खरखर छाटली, स्प्रिंगांचा घुमारा वाढवला. आता ती लग्नाच्या वेळची, भरल्या गळ्याची ऐकू येऊ लागली. त्याच्या जिवाला फार बरं वाटलं. त्याने तेच ठेवलं, तेवढंच. जित्याची खोड, दुसरं काय.

ऑपरेशन नीट पार पडलं. ती घरी आली आणि पाठोपाठ बाईंचा फोन आला.

"काका, हे टाकीतून बोलल्यासारखं येतंय. यंत्राला साधा आवाज लागतो. मूळ रेकॉर्डिंग पाठवा ना."

"मूळ हेच आहे," मास्तर म्हणाला.

मग यातून घुमारा काढता येईल का, असं बाईंनी विचारलं; तुम्ही तर यातलेच, म्हणाल्या.

तो कामाला लागला. आवाजाचा खालचा, जड भाग छाटला, तर ती जुन्या फोनवरून बोलू लागली. वरचा छाटला, तर तोंडावर उशी धरल्यासारखी. घुमाऱ्याच्या शेपट्या कापाव्यात, तर एका शब्दाची शेपटी पुढच्याच्या पोटात शिरलेली. आयुष्यभर जगाचे आवाज रेकॉर्ड केले, बायकोचा म्हणून कधी केला नव्हता. ती काय, घरातच होती. फोनमध्ये तिचे चार-दोन निरोप सापडले, येताना दूध आणा एवढेच. तेवढ्यावर यंत्राचं भागत नव्हतं.

बायकोने पाटीवर लिहिलं, "बैल गेला आणि झोपा केला." खाली एक हसरा चेहरा काढला. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

शेवटी बाईंनी दोन आवाज ऐकवले. एक तिचा, टाकीतला, शब्दात शब्द गुंतलेला. दुसरा कुणा परक्या स्त्रीचा, तयार आणि स्वच्छ. बायकोने दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"अगं, पहिला तुझा आहे," तो म्हणाला.

"दुकानदाराला कळायला हवा," तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत होता. स्वयंपाकघरात कुणी बाई म्हणाली, "अहो, चहा झालाय." शेजारीण आली असेल, असं समजून तो बसून राहिला. पुन्हा तीच हाक आली, अगदी त्याच चालीत, ना राग ना लाड. मग बायको दारात येऊन उभी राहिली, यंत्र छातीशी धरून. तिने बटण दाबलं.

"अहो."

"ओ," तो म्हणाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ओ देताना तो तिच्याकडे नाही, यंत्राकडे बघत होता.