चाकं जमिनीवर, मी हवेत

मी एक जुनी फियाट आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहते. उभी राहते, असं म्हणणार होते. पण मित्रांनो, आज सकाळी मी उभी आहे की लटकलेली, हेच मला कळेना.

क्रमाने सांगते. कारखान्यात जन्मले. रंग बदामी. अनंता नाखव्याच्या घरी आले, वराती केल्या, बोंबलांच्या टोपल्या वाहिल्या. लोक म्हणायचे, "झकास गाडी!" मग तेच लोक नाक दाबून बसू लागले. मग बसेचनात. मधली वर्षं कुठे गेली? राहू दे. माझं लक्ष पुढच्या चाकांकडे आहे.

माझ्या पुढच्या स्प्रिंगा खड्ड्यानंतरही उड्या मारत राहायच्या. त्यांना आवरणारे शॉकअब्सॉर्बर संपले होते. अनंताची बायको सगुणा म्हणाली, "माझी कंबर गेली. शेवटचं नीट कर हिला. नाहीतर भंगारवाल्याला बोलव."

अनंताने नवे शॉकअब्सॉर्बर आणले. मला जॅकवर चढवलं आणि चाकं लोंबत असतानाच सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. होडीचं तो असंच करतो. पाण्यात उतरण्याआधी काही सैल नको.

मला खाली उतरवलं. चाकं टेकली.

नाक वरच.

मी खाली आले होते ना? मग आतून कोण सांगत होतं, तू अजून हवेत आहेस?

"बाबा, ही आभाळात काय बघतेय?" त्याची मुलगी हेमांगी म्हणाली. तिने बॉनेट दाबलं. मी दबले नाही.

"नवे आहेत गो. कडक असणार."

"आईला हेच सांगशील?"

तिने कुर्ल्याच्या पार्टवाल्या चंद्रप्रकाशला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन बाबांच्या हाती दिला.

"नाखवा, बोल्ट कधी आवळले?"

"उतरवायच्या आधी. मग काय बुडल्यावर आवळू?"

"अहो, गाडी आहे ती! चाकांवर वजन येऊ द्या, मग आवळा. बोल्टाभोवतीचं रबर लोंबत्या जागीच जखडलंय. आता पीळ खातंय."

मी चाकांवर असतानाच दोघांनी बोल्ट सैल केले. आत काहीतरी सुटलं. हेमांगीने मला दाबून हलवलं. मी खाली बसले. मग त्यांनी पुन्हा आवळलं.

बाजाराला निघालेली सगुणा पुढे बसली. स्पीडब्रेकर आला. अनंताने श्वास रोखला. मीही. मला श्वास असतो का, ठाऊक नाही. चढलो, उतरलो. एकच हेलकावा, मग शांत.

अनंताने मला थांबवलं.

"थांबलास कशाला?"

"कंबर...?"

"कंबरेचं मी बघते. तू रस्ता बघ. बाजार उठेल."

ही शाबासकी होती का? मला अजून नीट कळलेलं नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. आम्हा जुन्यांना दुरुस्त करा, जरूर करा. फक्त शेवटचं आवळण्याआधी आम्हाला आमच्या वजनानिशी जमिनीवर उभं राहू द्या.