बादलीवरची प्रार्थना

वहिनीने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि डोळे मिटले.

स्वयंपाकघरात जमलं नव्हतं. गॅलरीत जमलं नव्हतं. जिन्यात बसली, तर किल्ली हरवली का म्हणून शेजारीण विचारून गेली. मोबाइलची रेंज शोधावी तशी ती आठवडाभर घरभर ख्रिस्ताला शोधत होती. आता बाथरूमच काय ते उरलं होतं. पूर्वी शब्दही लागायचे नाहीत. नुसतं बसलं तरी तो आहे हे कळायचं. धाकटा दीर तुरुंगातून सुटून आला, तेव्हापासून पलीकडे सगळं गप्प.

धाकट्याने तिचा नि नवऱ्याचा टेम्पो परस्पर विकला होता, आतल्या गाद्यांसकट. टेम्पो तिच्या दागिन्यांवर उभा राहिलेला. म्हणून सकाळी नवरा म्हणाला, "त्याला ठेवायचं की नाही, तूच ठरव. संध्याकाळी सांग." आणि भाजी कुठली आणू एवढंच विचारल्यासारखा वेल्डिंगच्या कामावर निघून गेला.

"प्रभू," ती पुटपुटली, "ठेवू की घालवू? एवढंच सांग."

नळ टपकला. हे उत्तर धरायचं की नाही, तिला कळेना.

दारावर टकटक झाली.

"वहिनी, आत कोण आहे?"

"मीच."

"मग बोलताय कुणाशी?"

"ख्रिस्ताशी."

बाहेर पावलं मागे सरकली.

"होऊ द्या निवांत," धाकटा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "माझंच चाललंय का?"

"हो."

"काय म्हणतो?"

"काहीच नाही."

"मलाही नाही म्हणाला कधी काही. तिथे रोज बसायचो. पण तो उठूनही गेला नाही."

वहिनीने डोळे उघडले. तिथे म्हणजे तुरुंगात. आपला ख्रिस्त तिथे याच्या शेजारी बसायचा, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. राग यावा की हायसं वाटावं, ठरेना. ती उठली, बादली सुलटी केली आणि दार उघडलं. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. हातात पिशवी, पिशवीत त्याचं सगळं सामान. आंघोळीलासुद्धा तो ते बरोबर नेई.

ती स्वयंपाकघरात पोचते तोच बाथरूममधून हाक आली.

"वहिनी, पांढरा साबण तुमचा ना? मी कपड्यांचा घेतो."

"कपड्यांचा कशाला? अंग फुटेल."

"मग?"

"पांढरा घे. घरातला आहे तो."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण आमेन न म्हणताच उठलो. परत जावं, तर बाथरूमला आतून कडी. ती विळीशी बसली आणि कांद्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता, वर न बघताच त्याने विचारलं,

"मग, काय ठरलं?"

"साबण आणायला हवा," ती म्हणाली. "आता लवकर संपेल."