आवाज लपवणाऱ्या डब्याची धास्ती

भिऊ नका, मित्रांनो. इथे घाबरायचं काम माझं. मी एक जुना, काळा डबा आहे. अंगावर चार बटणं आणि एक दिवा. अनेक देशांनी मिळून चालवलेल्या न्यायालयात, साक्षीदाराच्या मेजाखाली माझी नेमणूक होती. युद्धात निरपराध माणसांवर जुलूम करणाऱ्यांचे खटले तिथे चालत. साक्ष देणाऱ्याच्या जिवाला धोका असला की त्याच्यापुढे पडदा ओढत आणि त्याचा आवाज माझ्यातून सोडत. आत शिरताना तो कुणाचा तरी असे. बाहेर पडताना कुणाचाच नसे.

कारखान्यात मला बनवणाऱ्या कारागिराने माझ्यात बोलून पाहिलं आणि स्वतःचाच घोगरा आवाज ऐकून तो पोट धरून हसला. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच हसण्यात जाणार. कसलं काय! न्यायालयात ज्यांचे आवाज माझ्यातून गेले, त्यांतलं कुणीच हसलं नाही.

माझ्या तारा सांभाळणारीला सगळे वायरताई म्हणत. ती मला डबूराव म्हणायची आणि कापडाने पुसता पुसता कौतुक करायची, "डबूराव आहेत म्हणून आपण आहोत." मी आतून थरथरायचो. कारण माझ्या वायरीतून आलेलाच आवाज मला बदलता येतो. वकिलाने प्रश्न विचारून आपला माइक चालू ठेवला, तर साक्षीदाराचा खरा आवाज त्यातून सरळ निसटतो आणि काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या लोकांच्या कानांत जातो. म्हणून तिथला नियम होता : प्रश्न संपला की वकिलाने आपलं बटण बंद करायचं. मोठमोठे विद्वान ते विसरत. वायरताई धावून बंद करी आणि माझा जीव भांड्यात पडे.

एकदा एक बाई साक्षीला आली. ती तिच्या गावच्या बसस्थानकावर गाड्या पुकारायची. तिचं तोंड फारसं कुणी पाहिलं नव्हतं, पण आवाज पोरासोरांनाही पाठ होता. एका सकाळी तिने पुकारायच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं, की आता ज्याच्यावर खटला चालू होता त्या कमांडरने स्वतः हुकूम देऊन माणसांना गाड्यांत कोंबलं. ती माणसं परत आली नाहीत. स्थानकावर तेव्हा हमाल होते, चालक होते, फेरीवाले होते. साक्ष देणारं त्यांतलं कोण, हे बाहेर कळता कामा नये होतं. तिची धाकटी बहीण अजून त्याच गावात राहत होती.

काचेपलीकडे त्याच गावचा, कमांडरचा पुतण्या रोज येऊन बसे. हेडफोन लावून, डोळे मिटून.

तिच्याच बाजूच्या वकिलाने विचारलं, "कमांडर नेमकं काय म्हणाले?" आणि तो कागद चाळू लागला. त्याच्या माइकवरचा लाल दिवा तसाच जळत राहिला. मला दिसत होतं, मित्रांनो! पण मला ना हात, ना तोंड.

"म्हणाले, सगळ्यांना चढवाऽऽ."

शेवट लांबवायची तिची जुनी सवय. वायरताईने झडप घालून सगळं बंद केलं, तोवर पुतण्याचे डोळे उघडले होते.

न्यायाधीशबाईंनी प्रेक्षकांना बाहेर काढलं. वकिलाने कागद बाजूला सारले. "माझंच चुकलं," तो पुटपुटला.

"किती गेलं बाहेर?" साक्षीदार बाईने विचारलं.

"तीनच शब्द," वायरताई म्हणाली.

"तीनच? अहो, 'चढवा' असं ओढून म्हणणारी गावात मी एकटीच आहे. माझ्या बहिणीला आधी तिथून हलवा!"

फोनवर फोन झाले. बहिणीचा फोन बराच वेळ नुसता वाजत राहिला. तेवढ्या वेळात मी इतका तापलो, की वायरताईने मला हात लावून पाहिला. शेवटी साक्षीदारांची काळजी घेणारा माणूस आत आला.

"बहीण बोलली. आमची गाडी निघाली आहे, ती तयार होऊन थांबते आहे. आणि तिचा निरोप आहे : ताई, आता पुरतं सांगूनच ये. अर्धवट सांगून आपल्याला काय मिळणार?"

बाई सावरून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, आधी बटण." त्याने ते बंद केलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले. मग रिकाम्या प्रेक्षागाराच्या साक्षीने ती सगळं बोलली. तिचा एकेक शब्द मी जिवापाड जपून बाहेर सोडला.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय आणि मी कपाटात धूळ खात पडलोय. कमांडरला शिक्षा झाली, हे झाडलोट करणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. ती गाडी बहिणीपर्यंत वेळेवर पोचली का, हे मात्र कुणीच बोललं नाही. डब्याला कोण सांगणार?

म्हणून हात नसतानाही हात जोडतो, मित्रांनो. कुणी विश्वासाने तुमच्यासमोर बोलत असेल, तर आधी आपलं बटण बघा. तुम्ही कागद चाळत असता, तेव्हा कुणाची तरी बहीण घरात एकटी असते.