खुंटीवरचा नान

आमच्या मधल्या खोलीत भिंतीला एक खुंटी आहे. खुंटीला पांढरी कापडी पिशवी, पिशवीत एक नान. माझा मुलगा तुरात रशियाला कामाला निघाला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याने त्या नानचा एकच घास तोडला. उरलेला नान त्याने परत येऊन खायचा. तोवर तो खाली उतरवायचा नाही, कुणी हात लावायचा नाही. घास अडकलेला असला की माणूस त्याच्या ओढीने घरी येतो, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांचा मुलगा सैन्यातून धड परत आला, त्याच्याशीच माझं लग्न झालं. मी कशाला शंका घेऊ?

त्या दिवशी असाकन आबा कोमुझ घेऊन आले होते. लग्न असो, मयत असो, आबांचं गाणं झाल्याशिवाय आमच्या गावात कार्य पुरं होत नाही. गाणं म्हणजे उपदेशच, पण तीन तारांवर बसवलेला. इमामसाहेबांचं प्रवचन मी मान खाली घालून ऐकते. आबा गायला लागले की मान आपोआप वर होते. अल्लाला दोन्ही सारखंच पोचत असेल. माझ्यापर्यंत आबांचं आधी पोचतं. तुरातला निरोप देताना ते गायले होते:

घरात राहिला अर्धा घास, दारातून निघाली वाट,
ज्याचा घास त्याच्या मुखी, अल्ला धरो त्याचा हात.

त्याला चौदा महिने झाले. आणि मी सांगते आहे त्या शुक्रवारी तुरातचा फोन बंद लागायला लागून अकरा दिवस झाले होते. तिकडे आमच्या पोरांना बांधकामावरून उचलतात, पुढ्यात कागद ठेवतात, सही कर म्हणतात आणि लढाईवर पाठवतात, असं गावात सगळे बोलत. माझ्यासमोर बोलायचं मात्र टाळत.

निवडणूक नऊ दिवसांवर आली होती. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे सगळी कामं तिच्या पलीकडे जाऊन बसतात. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला, बसवू, निवडणुकीनंतर. शेजारच्या झुराकनची गाय गोठ्यातून चोरीला गेली. थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं पोलीस म्हणाला, "एजे, सगळी माणसं बंदोबस्ताला आहेत, निवडणूक होऊन जाऊ द्या."

झुराकन म्हणाली, "गायीला मत असतं तर तिलाही कुणी राखलं असतं."

तेव्हापासून आम्ही सगळ्या दिवसाढवळ्यासुद्धा फाटकाला आतून कडी लावतो.

माझी सून बुरुल बालवाडीत स्वयंपाक करते. उन्हाळ्यापासून तुरातकडून पैसे आलेले नाहीत, तेव्हा आमची चूल तिच्या पगारावर पेटते. बुधवारी बालवाडीच्या मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हळूच सांगितलं, "तुझ्या गल्लीतली पंधरा नावं आण. नानवर हात ठेवून आपल्या उमेदवारालाच मत देण्याची शपथ, आणि शपथेचा फोटो. शुक्रवारपर्यंत. नाहीतर तुझा करार पुढे चालेल की नाही, मी सांगू शकत नाही. माझ्यावर चिडू नकोस, मलाही वरून सांगितलंय."

नानवरची शपथ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. 'मोडली तर नान मला मारो,' असं म्हणायचं असतं. नानने मारलेल्या माणसाच्या घरात बरकत राहत नाही. हे उमेदवारांनाही ठाऊक आहे, म्हणून तर ते कागदावरच्या सहीपेक्षा नानवरचा हात मागतात.

शुक्रवारी दुपारी गल्लीतले तेरा जण आमच्याकडे जमले. मी आणि बुरुल धरून पंधरा. शपथ द्यायला आला शाइलोबेक. हा आमच्याच गावचा, पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा, आता उमेदवाराची गाडी घेऊन फिरतो. मतदानाच्या दिवशी जन्मला म्हणून बापाने त्याच्या नावातच शाइलो म्हणजे निवडणूक घातली. तो स्वतःच सांगतो, "तेव्हा एकच उमेदवार असायचा, म्हणून बापाला त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं."

फाटकाशी त्याची गाडी उभी, गाडीत पिठाची पोती. शपथ झाली की घरटी एक उतरणार.

"चला एजे," तो बूट काढता काढता मला म्हणाला, "मला अजून चार गल्ल्या करायच्यात. नान आणा."

मी बुरुलकडे पाहिलं, बुरुलने झुराकनकडे. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर चहा होता, जर्दाळूचा मुरंबा होता, आणि मधोमध बोर्सोकचा, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा ढीग. नान नव्हता.

"नान कुठला रे?" झुराकन म्हणाली. "चार दिवस झाले, वीज नाही. गल्लीतल्या सगळ्या विजेच्या भट्ट्या थंड पडल्यात. चुलीवर बोर्सोक तळून खातोय आम्ही. तेल पिऊन पिऊन माझ्या गळ्याला वंगण झालंय."

"मग दुकानातून?"

"दुकानातला दहा वाजताच संपतो. तुझा उमेदवार वीज आणणार म्हणतोय ना? आधी वीज आण, मग नान, मग शपथ."

"बोर्सोकवर नाही का चालणार?" बुरुलने विचारलं.

"वहिनी, फोटो पाठवायचाय. त्यात गोल नान दिसला पाहिजे. बोर्सोकवर हात ठेवलेले दिसले तर वरचे म्हणतील, ही तर नाश्त्याला बसलीत."

लोक हसले. शाइलोबेकही हसला. हसता हसता त्याची नजर भिंतीवर गेली. आमच्यात उरलेला नान पायाशी ठेवत नाहीत, उंच टांगतात. त्याला वाटलं असेल, हाही तसाच कालपरवाचा. मी "शाइलो, तो नको" म्हणेपर्यंत त्याने हात लांब करून पिशवी उतरवली आणि नान दस्तरखानावर काढला.

दगडासारखा झालेला नान. टेकताना टक्क आवाज झाला. एका कडेला तुरातच्या दातांची चंद्रकोर.

शाइलोबेकला कळलं. तोही याच मातीतला, कळणार नाही कसं? कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. पण बाहेर गाडी उभी होती, पुढे चार गल्ल्या होत्या. चावलेली कड त्याने हळूच आपल्याकडे फिरवली आणि म्हणाला, "एजे, माफ करा. दोन मिनिटांचं काम आहे. वरून हात आले की खालचं काही दिसत नाही. लगेच परत टांगतो."

"ठेवा हात," तो बाकीच्यांना म्हणाला.

एकही हात पुढे आला नाही. मघाशी हसणारी माणसं चहाच्या वाट्यांत बघायला लागली. झुराकनने दोन्ही हात चक्क शालीखाली घेतले.

"काय झालं?" शाइलोबेकने विचारलं.

झुराकन म्हणाली, "हा तुरातचा नान आहे. यावरची शपथ मोडली तर मारणार कुणाला? आम्हाला नाही, त्या पोराला."

"पण मोडायचीय कुणाला?"

आता तर कुणी त्याच्याकडे बघेचना. त्याने एकेकाचं तोंड न्याहाळलं. "म्हणजे दुसऱ्या नानवर तुम्ही सगळे शपथ घेणार होता, आणि..."

"दुसऱ्या नानवर आमची घेऊनही झालीय," असाकन आबा शांतपणे म्हणाले. "सोमवारी. समोरच्या उमेदवाराने कोळसा दिला. थंडी पडलीय, शाइलो."

शाइलोबेकने कपाळाला हात लावला. रागावला नव्हता तो. हमाल ओझं खाली टेकवतो आणि त्याच ओझ्यावर बसतो, तसा दिसत होता.

तेवढ्यात बुरुल उठली आणि नानजवळ येऊन बसली.

"माझी शपथ खरी असेल," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल त्यालाच मत देईन. मला काय, सगळे सारखेच. पण पंधरा पाहिजेत." मग ती लोकांकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षांत तिने कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलेलं मी पाहिलेलं नाही. "तुम्ही खरंच द्या ना त्याला मत. एवढ्या वेळेला. खरंच द्यायचं ठरवलं तर या नानला काही भीती नाही. झुराकन एजे?"

"पोरी, मतदानाच्या खोलीत गेले की मला माझी गाय दिसते," झुराकन म्हणाली. "तिथे माझा हात काय करेल, मलाच माहीत नसतं. मी तुझ्या नवऱ्याच्या जिवावर बोलू कशी?"

"आबा?"

आबांचे डोळे भरले होते. "सोमवारी माझ्याच घरचा नान होता, लेकी. तोही खराच होता."

मग बुरुलने माझ्याकडे पाहिलं. ती मला विचारत होती, आणि मी नाही म्हणावं असं मला विनवतही होती. मी हो म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. नाही म्हटलं तर दोघींनी खायचं काय? आणि तिकडे तुरात. खोट्या शपथेची सावली अकरा दिवस बोलत नसलेल्या पोरावर मी कशी पडू देऊ? त्या नानची पहारेकरी मी होते, ती नव्हे. हे ओझं तिच्यावर टाकणं बरं नव्हतं.

मी बिस्मिल्ला म्हटलं आणि नान दोन्ही हातांनी उचलला.

"नोकरी जाईल, आपा," ती म्हणाली.

"जाऊ दे. तळघरात बटाटे आहेत."

नान पिशवीत ठेवताना कडेचा एक कण गळून दस्तरखानावर पडला. टाकता येत नाही, खाताही येत नाही. मी तो ओढणीच्या टोकाला बांधला आणि पिशवी खुंटीला लावली.

बुरुलने शाइलोबेकला चहा ओतला, तो त्याने घेतला. मग म्हणाला, "माझाही होता एक. मॉस्कोहून आलो तेव्हा आई गेलेली. नान तसाच खुंटीला. चहात बुडवून बुडवून खाल्ला. तीन दिवस लागले." वाटी खाली ठेवून तो म्हणाला, "आता मी फोटोचं काय करू, एजे? तुमची सून घरी बसेल, आणि संध्याकाळपर्यंत मीही."

उपाय झुराकनने काढला. तिने एक रिकामं ताट उपडं घातलं, त्यावर भरतकामाचा रुमाल पसरला, मधोमध जरा फुगवला. "ठेवा हात. रुमालाखाली काय आहे ते निवडणुकीनंतर बघतील."

या वेळी पंधराही हात आले. माझाही. फोटो निघाला, आणि खरं सांगते, सुंदर निघाला. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळे शपथ अगदी गंभीर वाटत होती. नावं लिहून झाली, पोती उतरली. आमचं पोतं मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी बुरुलला सांगितलं, फोटो वर आवडला. करार मार्चपर्यंत राहील, पुढचं पुढे.

मतदानाच्या सकाळी मी आणि आबा सोबतच शाळेकडे निघालो. चिखल गोठून रस्ता खडबडीत झाला होता. आबा काठीवर, मी आबांच्या कोपराला धरून. चालता चालता मी विचारलं, "आबा, रिकाम्या ताटावरची शपथ मोडली तर मारणार कोण?"

"नान नव्हता खरा," ते म्हणाले. "पण हात तर आपलेच होते ना, सेयिलकान."

"मग तुम्ही कुणाला देणार?"

"कोळशाला. तो आधी आला." आणि थोड्या वेळाने, "या विषयावर माझ्याकडे गाणं नाही. शोधलं मी. नाही सापडलं."

आत जाऊन मी पिठाला मत दिलं. त्या माणसाचं तोंड मी फक्त फलकावर पाहिलंय. कागद पेटीत टाकला तेव्हा वाटलं, नमाजात रकात चुकावी आणि कुणाला सांगताही येऊ नये, तसं.

घरी आले तर दिवा लागलेला. मतदान आहे म्हणून दिवसभरापुरती कुठून तरी तार जोडून दिली होती म्हणे. बुरुलने घाईघाईने कणीक तिंबून भट्टीत नान लावला होता, त्याच पिठाचा. घरभर वास. एकीकडे तिचा फोन चार्जरला लावलेला, आणि ती तशीच भिंतीला टेकून, फोन कानाशी धरून उभी.

"आपा," ती म्हणाली, "वाजतोय."

"काय?"

"तुरातचा. आज बंद सांगत नाही. वाजतोय."

मीही कान लावला. दूर कुठेतरी घंटा वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. कुणी उचलला नाही. आम्ही शेवटची घंटा थांबेपर्यंत ऐकलं. मग तिने भट्टीचं दार उघडून नान फिरवला, आणि मी ओढणीची गाठ सोडून तो कण खुंटीवरच्या पिशवीत परत ठेवला.