बुटक्याचा पिंजरा

बुटक्या कुत्रा मांजरापेक्षा जरासाच मोठा, पण पिंजऱ्यात कोंडला की त्याच्या अंगात वाघ यायचा. जाळीजवळून कुणी नुसतं गेलं तरी गुरगुर, हात नेला तर दात. मालकीण गोकुळा, तिच्याच अंगठ्यावर दोन खुणा होत्या. बाळंतपणाला माहेरी आलेली तिची लेक दामिनी तर अंगणाच्या त्या कडेला फिरकायचीही नाही.

पण पिंजऱ्यावाचून भागत नव्हतं. सावली तालुक्यातल्या त्या जंगलपट्ट्यात बिबट्या दिवेलागणीलाच गावात शिरायचा. शेजारच्या शकुबाईच्या कुडाची भिंत फोडून त्याने घरात निजलेला कुत्रा उचलून नेला, तेव्हा गोकुळाने लोखंडी पिंजरा करून आणला. बुटक्या त्यात गप निजला तरच वाचणार होता. जबरदस्तीने कोंडला तर जाळी चावून चावून तोंड रक्ताने भरून घ्यायचा, आणि त्याच्या आकांताने बिबट्या आणखीच जवळ येईल याची तिला धास्ती.

दामिनीने मोबाईलवर काय काय पाहिलं आणि आईला सांगितलं, "दार उघडंच ठेव. खाणं आत टाक अन् बाजूले हो. हात घालू नको."

गोकुळाने दार सुतळीने उघडं बांधलं, आत सुकी मासोळी ठेवली, आणि समोर उकिडवी बसून लाडाने हाक मारली, "यू, यू, यू." कुत्र्याला बोलवायची दुसरी रीत त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हती. बुटक्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले. त्याने दात दाखवले आणि तो बांबूच्या ढिगामागे जाऊन बसला. सहा दिवस हेच चाललं.

सातव्या दिवशी दामिनी म्हणाली, "आई, तू यू यू करते तवाच तो भडकते. काऊन?"

गोकुळाने हातातलं सूप खाली ठेवलं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर गावाबाहेर बिबट्याला पकडायला वनखात्याचा मोठा पिंजरा लागला होता. त्याच्या मागच्या कप्प्यात आमिष हवं म्हणून वनखात्याच्या मदतीला असणारा गावातला सुनिल तिची बकरी मागायला आला. बकरी गाभण होती. "बुटक्याले न्या," गोकुळा म्हणून गेली. बुटक्या काही सुनिलबरोबर जाईना. मग तीच गेली, कप्प्याच्या मागल्या दाराशी बसली आणि यू यू केलं. बिचारं कुत्रं धावत आलं, शेपूट हलवत थेट आत. सकाळी बाहेर काढलं तेव्हा जिवंत होतं, पण बिबट्याने बाहेरून चारी बाजूंनी कप्प्याचा पत्रा ओरबाडला होता.

"मह्या आवाजावर आला तो," गोकुळा म्हणाली. "मीच फसवलं त्याले."

दामिनीने खाली ठेवलेलं सूप उचलून कडेला ठेवलं. आईची समजूत घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून गोकुळाने तोंड मिटलं. येता-जाता मासोळीचा तुकडा पिंजऱ्यात टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. आधी बुटक्या नुसती मान आत घालून तुकडा पळवायचा, मग आत उभा राहून खाऊ लागला. पंधरवड्याने तो तिथेच लवंडला. ती जवळून गेली की आता फक्त कान हलायचे. मग तिने दार क्षणभर लोटून पाहिलं, मग जेवणापुरतं. महिना उलटल्यावर एका संध्याकाळी तिने कडी घातली, तर बुटक्याने पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. गोकुळा पदर तोंडाला लावून रडली. तो वाचला याचा आनंद होता, आणि त्याने माफ केलं असं समजायची तिची छाती होत नव्हती.

दोनच दिवसांनी सुनिल दारात आला. बिबट्याने वासरू नेलं होतं, मोठा पिंजरा पुन्हा लागणार होता.

"गोकुळाबाई, तुमचा कुत्रा आता गपचूप पिंजऱ्यात जाते म्हणे. दोन रोज द्या ना. आता त्याले सवयच झाली."

"नाई."

"अवो, आता त्याले भेवच नाई लागत."

"मह्यावर भरोसा ठेवून जाते तो आत. म्हणूनच नाई देत."

सुनिल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेला. नाही म्हणायला एवढंच लागतं, दोन अक्षरं. दिवाळीनंतर तीच तिच्या तोंडून निघाली नव्हती. पिंजऱ्यात बुटक्या शांत निजला होता, आणि गोकुळाला त्याच्याकडे बघवत नव्हतं.