बाळंतपणाचा व्हिसा

जगात येणाऱ्या बाळाला कुणाच्याही परवानगीची गरज नसते. त्याला न्हाऊ घालायला निघालेल्या आजीला मात्र फोटो, फी आणि बँकेचे कागद लागतात. परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते, आणि आजीने अर्जात अगदी प्रामाणिकपणे नोकरीच्या व्हिसावर खूण केली होती.

"आजी, याला कंपनीचं पत्र लागतं. शिवाय चार महिने जातील," व्हिसा कचेरीतली काचेपलीकडची बाई म्हणाली.

आजी काचेजवळ सरकली. "तोवर बाळ पालथं पडायला लागेल हो! पण बाळंतपण काढणं म्हणजे कामच की, ती काय सहल आहे?"

"पगार घेणार का लेकीकडून?"

"इश्श!"

"मग याला भेट म्हणतात. भेटीच्या व्हिसाला लेकीचं बोलावणं पुरतं. फीसुद्धा कमी, आणि पंधरवड्यात हातात." बाईने नवा अर्ज स्वतःच भरून दिला.

आजीने काचेखालच्या फटीतून तिचा हात घट्ट धरला. "देवासारखी धावून आलीस गं पोरी," खुर्चीवरून तसूभरही न हललेल्या बाईला ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले.

बाईचेही डोळे पाणावले.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हात तेवढा सोडता का? शिक्का मारायचाय."